सोनूच्या साखरपुड्याआधी, ब्राउन्सव्हिलहून

ब्राउन्सव्हिल, टेक्सास
२७ एप्रिल २०२५

ती. आई-बाबा आणि आजीस साष्टांग नमस्कार.

फोनवर आजीला नीट ऐकू येत नाही, ती नुसती "बरी हायेस ना?" एवढंच विचारत राहते, म्हणून हे पत्र. सोनू, तुझ्या गडबडीतून वेळ काढ आणि तिला सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबा, तुम्ही गोवराचं दोनदा विचारलंत. टेक्सासमध्ये जानेवारीपासून साथ आहे, ६०० च्या वर रुग्ण झालेत, लस न घेतलेली २ शाळकरी मुलं गेली, हे सगळं खरं आहे. पण ती साथ पार पश्चिमेला आणि मी दक्षिणेच्या टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीवर. मध्ये हजारेक किलोमीटर आहेत. आणि माझे डोस झालेले आहेत, त्याचा कागद दिल्याशिवाय इथे वर्गात बसू देत नाहीत. तेव्हा रात्री उठून बातम्या बघणं बंद करा. व्हिसाच्यासुद्धा. माझे कागद चोख आहेत.

त्या साथीवर आमचा एक तास झाला. आमच्या स्कूल ऑफ पब्लिक हेल्थचा मुख्य कॅम्पस ह्यूस्टनला, म्हणजे इथून पुण्याहून हैदराबाद जेवढं लांब, तेवढा. बाकी ऑस्टिन, डॅलस, सॅन अँटोनिओ, एल पासो आणि आमचं ब्राउन्सव्हिल. मॅडम ह्यूस्टनमध्ये शिकवतात, आम्ही सातजण इथे पडद्यासमोर. एल पासोच्या मुलांचं घड्याळ तासभर मागे, म्हणून सकाळच्या तासाला ती डोळे चोळत येतात. मॅडम म्हणाल्या, कुणालाच लस नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो, म्हणून १०० तल्या ९५ जणांना लस हवी. मला २०१८ ची गोवर-रुबेलाची मोहीम आठवली. आपल्या आशाताई यादी घेऊन वस्तीवर पुन्हा पुन्हा गेल्या होत्या, जी पोरं शाळेत सापडली नाहीत त्यांच्यासाठी. मी माईकचं बटण दाबून ते सांगितलं. सगळीकडे शांतता झाली, मग डॅलसच्या एका मुलाने विचारलं, "त्यांना यादी कोण देतं?" त्यावर वीस मिनिटं बोलणं चाललं. माझा आवाज थरथरत होता, पण आशाताईंना हे नक्की सांगा.

काका विचारतात ना, दातांची डॉक्टर होऊन पोरगी घरोघर फॉर्म भरते का? हो, भरते. इंटर्नशिपला मी बायांचे दात काढायचे आणि त्या संध्याकाळी पुन्हा मिश्री लावायच्या. एकेका दाताने ते सुटणारं नाही, हे तेव्हाच कळलं होतं. इथे २००४ पासून हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी चालू आहे. मोठ्या माणसांत चारात एकाहून जास्त जणांना साखर निघाली, आणि कितीतरी जणांना तोवर पत्ताच नव्हता. मी ज्यांच्याबरोबर फिरते त्या प्रोमोतोरा, म्हणजे इथल्या आशाताईच समजा. दारात उभं राहून त्या आधी पोराबाळांची चौकशी करतात, कागद नंतर काढतात.

त्यांच्याकडेच मागच्या रविवारी ईस्टरला गेले होते. आजी, हे ऐक. ही माणसं दोन-तीन महिने आधीपासून अंड्याची टरफलं जमवतात. ऑम्लेट करायचं तरी अंडं मधोमध फोडत नाहीत, वरचं टोक तेवढं हळूच उडवतात, आतलं काढून घेतात, टरफल धुऊन वाळत घालतात. मग ते रंगवायचं, आत रंगीत कागदाचे बारीक तुकडे भरायचे आणि भोकावर पातळ कागद डिंकाने चिकटवायचा. त्याला म्हणतात कास्कारोन. आणि एवढं सगळं करून ईस्टरला ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं! कुणी रागवत नाही, उलट ज्याच्या डोक्यावर फुटलं त्याचं नशीब उघडतं म्हणतात. घरात डझनावारी होते. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईने मला खाली वाक म्हणून खूण केली आणि माझ्या डोक्यावर फोडलं. हात अगदी तुझ्यासारखा, आजी, शिरा वर आलेला. मला एकदम रंगपंचमी आठवली. अंडं मी खाल्लं नाही, काळजी नको. केसांतले कागद तीन दिवस निघत होते.

आता पैशाचं. बाबा, मला १,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली. रक्कम छोटी वाटेल, पण टेक्सासचा नियम असा की स्पर्धेतून एवढी मिळाली की आमच्यासारख्या बाहेरच्यांनाही इथल्या रहिवाशांइतकीच फी लावता येते. मला ती सवलत मंजूर झाली. म्हणजे कर्जाचा पुढचा हप्ता बराच कमी उचलावा लागेल. विहिरीकडचं वावर तारण आहे हे मी एक दिवस विसरत नाही. कॅम्पसवरच्या कामाचे साठवून ४०,००० रुपये पाठवलेत, ते सोनूच्या शालूसाठीच, व्याजात भरू नका.

बुधवारी अक्षय्य तृतीयेला तुम्ही सगळे मांडवात असाल आणि माझा बायोस्टॅटिस्टिक्सचा पेपर असेल. तारीख हलते का, विचारून पाहिलं. सोनू, रुसू नकोस. पाहुण्यांनी विचारलं तर आईने स्पष्ट सांगावं की धाकटीचं आधी ठरलं याचा थोरलीला आनंदच आहे. मामींनी सुचवलेल्या न्यू जर्सीच्या मुलाला मी नाही म्हटलेलं नाही. डिसेंबरात अभ्यासक्रम संपू दे, मग बोलेन.

बाबा, इथे मी परक्या माणसांचं बोट धरून साखर बघते आणि तुमची तीन महिन्यांची सरासरी शेवटची कधी बघितली ते मला माहीत नाही. साखरपुड्याचे पेढे खायच्या आधी, उद्या सकाळीच, फलटणला जाऊन रक्त देऊन या. रिपोर्टचा फोटो सोनूला पाठवायला सांगा. मी जागीच असेन.

तुमची,
मनू