वसईच्या शिळेवरचं लिस्बनमध्ये वाचलं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी वसईची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं चौथीच्या वर्गाची सहल वसईच्या किल्ल्यात नेली. फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. मुलं तिथं हमखास उकिडवी बसायची, अक्षरांतली माती बोटानं काढायची आणि विचारायची, "बाई, इथं काय लिहिलंय?" मी सांगायचे, "पोर्तुगीज भाषा आहे, कुणाचं तरी नाव असेल." एवढं बोलून वर्ग पुढं न्यायचे. त्या प्रश्नाचं उत्तर मला यंदाच्या मे महिन्यात लिस्बनमध्ये मिळालं. म्हणून हे पत्र.

बार्सिलोनाहून निघालेल्या आमच्या सात रात्रींच्या क्रूझचा शेवट लिस्बनला होता. बोट तेजू नदीच्या मुखातून आत शिरत होती तेव्हा यजमानांनी मला हलवून उठवलं. डाव्या हाताला बेलेंचा बुरूज, पुढं तांबडा झुलता पूल. "इथूनच निघाले असतील गं आपल्याकडे यायला," हे म्हणाले. बोटीतून उतरलो तरी पायांखालची जमीन डोलतच होती. सात दिवस समुद्रावर काढले की असं होतं म्हणतात. धक्क्यालगतच सान्ता अपोलोनियाचं रेल्वे स्टेशन आहे, तिथूनच मेट्रो सुटते. यांची अख्खी नोकरी रेल्वेत गेलेली, त्यामुळे टॅक्सीचा विचारही केला नाही. मेट्रोनं दुसऱ्या स्टेशनावर उतरलो आणि बॅगा हॉटेलात ठेवल्या. खोली दुपारी तीनला मिळणार होती. किल्लीला तिथं 'शाव' म्हणतात. आपली चावी त्यांच्याकडूनच आलेली. कोपऱ्यावरच्या बेकरीत यांनी नुसतं 'पाव' म्हटलं तर बाईनं बरोबर पावच काढून दिला. त्याचा यांना झालेला आनंद दिवसभर पुरला.

माझे गुडघे दुखतात, म्हणून चढण टाळायला मेट्रोच्या लांबलचक सरकत्या जिन्यांनी वरच्या शियादू भागात गेलो. कार्मूचा मठ तिथून दोन मिनिटांवर. आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही थबकलो. उंच टोकदार कमानी एकीमागं एक उभ्या, वर छप्पर नाही, मोकळं निळं आकाश, खाली हिरवळ. हे हळूच म्हणाले, "अगं, हे तर आपल्या किल्ल्यातलं."

हा मठ १३८९ चा. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, लोक चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनमध्ये मोठा भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग. त्यात या मठाच्या चर्चचं छप्पर कोसळलं. पुढं डागडुजी सुरू झाली, पण ती अर्ध्यावर राहिली. १८६४ पासून त्याच पडक्या जागेत पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. मनात हिशेब केला : वसई चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ मध्ये, त्यानंतर सोळाच वर्षांनी हे घडलं. छपरं त्यांचीही गेली, आपलीही गेली. पण त्यांनी प्रत्येक दगडाशेजारी पाटी लावली आहे.

आत कोरीव शिळा मांडल्या आहेत. कोणती कुठून आली, कुठल्या शतकातली, सगळं लिहिलेलं. आमच्या नातीनं वसईच्या शिळांचे फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवलेले होते. दाराशी बसलेल्या साधारण माझ्याच वयाच्या कर्मचारी बाईंना मी त्यातला एक दाखवला आणि यांनी इंग्रजीतून विचारलं. बाईंनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला. अक्षरं सगळी कॅपिटल, एकमेकांना चिकटलेली, काही शब्द अर्धेच. शिवाय यू च्या जागी व्ही कोरलेला, म्हणून मला तो मोठा शब्द कधीच लागला नव्हता. त्या अक्षर अक्षर लावत गेल्या : "एश्ता सेपुल्तुरा..." ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची आणि त्यांच्या वारसांची. नाव पुरतं झिजलेलं, तेवढं त्यांना वाचता आलं नाही. मग त्यांनी संग्रहालयाच्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पूर्ण ओळ नीट सुटी करून लिहून दिली, खाली इंग्रजी अर्थ. "हा दगड कुठं आहे?" त्यांनी विचारलं. वसईचं पोर्तुगीज नाव सांगितल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या.

महोदय, मला तिथं रडू आलं. नवरा-बायकोनं एकत्र विसावायला घेतलेली जागा, पुढं मुलाबाळांचीही सोय केलेली. इतकी साधी गोष्ट मी शेकडो मुलांना सांगू शकले असते.

लिस्बनला जाण्याच्या आधल्या महिन्यात आम्ही किल्ल्यात गेलो होतो. त्याच शिळांवर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. दिव्यांचे तिवई-स्टँड थेट अक्षरांवर रोवलेले आणि धुराच्या नळकांड्यांचा रंग दगडावर सांडलेला. त्या मुलांना मी दोष देत नाही. पायाखाली कुणाची तरी कबर आहे हे सांगणारी एक ओळसुद्धा तिथं मला दिसली नाही, मग त्यांना कळावं कसं?

कुणी म्हणेल, पोर्तुगीजांची थडगी कशाला जपायची? त्यांच्या राजवटीत इथल्या लोकांनी काय सोसलं हे मी शाळेत शिकवलं आहे, आणि चिमाजी अप्पांच्या स्मारकापुढं मुलांसोबत दर वर्षी हात जोडले आहेत. पण मराठ्यांनी केवढं बळकट ठाणं जिंकलं, दोनशे वर्षं इथं मुळं धरून बसलेली माणसं कोण होती, हे त्या दगडांवाचून मुलांना कसं दाखवायचं? वसईच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला आपण मानानं टांगल्या. मूळ जागी राहिलेल्या शिळांनाही तेवढाच मान द्यावा.

किल्ला पुन्हा बांधा असं मी म्हणत नाही. कार्मूलाही छप्पर घातलेलं नाही, म्हणून तर ते मनात घर करतं. शिळांभोवती गुडघ्याएवढा दोर आणि प्रत्येकीशेजारी मराठी-इंग्रजी पाटी, एवढंच माझं मागणं आहे. वाचण्याचं कामही नव्यानं करायला नको. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात १८७६ सालीच इथले शिलालेख नोंदवले आहेत. तेव्हा जी अक्षरं दिसत होती त्यातली काही आज दिसत नाहीत. दर पावसाळ्यात आणखी झिजणार.

किल्ला ज्यांच्या देखरेखीखाली आहे त्यांनी या पत्राची दखल घ्यावी. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीआधी एका शिळेची पाटी लागली तरी सुरुवात होईल. पाटीचा खर्च आम्ही दोघं आमच्या पेन्शनमधून देऊ. मजकूर तयार आहे. त्या बाईंनी लिहून दिलेला कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, वसई