आधी चाक बघा, मग ॲव्हरेज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा असो की पाडवा, शोरूममध्ये गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘ॲव्हरेज किती देते?’ रोज २० किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला ६०० किलोमीटर होतात. लिटरला ५० देणाऱ्या गाडीला १२ लिटर लागतात, ६० देणारीला १०. पेट्रोल १०५ रुपये धरले तर फरक २१० रुपयांचा. खड्ड्यात एक रिम वाकली की असे कितीतरी महिने वजा.

म्हणून सोलापुरात आधी चाक बघावे. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाडीची चाके १८ इंची. ॲक्टिव्हा, ॲक्सेसला पुढे १२ आणि मागे १० इंची, ज्युपिटरला दोन्हीकडे १२. चाक जितके लहान तितके ते खड्ड्यात खोल बसते. त्यात स्कूटरचे इंजिन मागच्या चाकालाच जोडलेले, त्यामुळे मागे बसलेल्याची कंबर जास्त धरते. चिंचोळी एमआयडीसीला हायवेने रोज ये-जा असेल किंवा अक्कलकोट, मोहोळकडच्या गावातून शहरात यायचे असेल, तर मोटरसायकलच घ्यावी. नवी पेठ, सात रस्ता, शाळा, भाजी एवढेच फिरणे असेल तर स्कूटर सोयीची. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पाय ठेवायची सपाट जागा लाखमोलाची, हेही खरे. पण २० लिटरचा जार म्हणजे २० किलो. तो गुडघ्यांत अडकून हँडल पुरते वळत नसेल तर नेऊ नये. चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहायचे असतील तर टीव्हीएसच्या एक्सएल १०० मोपेडला नाके मुरडू नयेत. तिची मागची सीट निघते, चाके १६ इंची आहेत आणि क्लच दाबावा लागत नाही.

स्कूटरला चेनऐवजी रबरी बेल्ट असतो; तिचा खरा खर्च या बेल्टच्या डब्यात असतो. ‘गाडी उचलत नाही’ म्हणून लोक इंजिनाला दोष देतात; पुष्कळदा बेल्ट झिजलेला आणि रोलर (वेगाप्रमाणे बेल्ट सरकवणारी छोटी वजने) एका बाजूने चपटे झालेले निघतात. सुटताना थरथरली तर क्लचमध्ये धूळ बसलेली असते. आपल्याकडच्या धुळीत १५ हजार किलोमीटरला डबा उघडून बेल्टला चिरा आहेत का ते पाहावे आणि २० हजारांच्या पुढे न नेता तो बदलावा. बेल्ट तुटला की गाडी ढकलतच आणायची. मोटरसायकलच्या चेनला दर ५०० किलोमीटरला तेल द्यावे. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दात हुकासारखे वाकले असतील तर नुसती चेन बदलू नये, चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट टाकावा. तेल लावलेला कागदी एअर फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलायचाच असतो.

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष आल्यापासून बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आहे. त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या टाकीतल्या पंपाला वीज लागते. बॅटरी पार बसली की पुष्कळदा किक मारूनही उपयोग नसतो. रोज दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर बॅटरी नीट भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग फिरवावी. टाकी तळाला नेण्याची सवयही सोडावी, पंप पेट्रोलमध्येच गार राहतो.

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी मे महिन्यातला ४२-४३ अंशांचा पारा लक्षात ठेवावा. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत थांबू द्यावी. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायचा बेत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही बचत ॲक्सेसरीजच्या नावाखाली परत जाऊ नये म्हणून ऑन-रोड किंमत फोड करून लिहून घ्यावी. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. वाढीव वॉरंटी आणि क्रॅश गार्ड सक्तीचे नाहीत. टेस्ट राइडला घरच्यांना मागे बसवून दोन स्पीडब्रेकर ओलांडावेत आणि मेन स्टँड त्यांनाही लावता येतो का ते पाहावे. ताबा घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वर्षभर जुना निघाला तर पैसे भरायच्या आधीच बोलावे.

– दुचाकी दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सोलापूर