भूलशास्त्राच्या प्रबंधांसाठी सामाईक चाचणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बधिरीकरणशास्त्रात एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2007 साली सुरू केलेली रुग्णांवर होणाऱ्या औषधोपचारांच्या चाचण्यांची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. ती चाळली, तर पाठीत द्यायच्या भुलीच्या इंजेक्शनात बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर फेंटानिल मिसळावे की डेक्समेडेटोमिडिन, हाच प्रश्न मात्रा थोडी इकडेतिकडे करून पुन्हा पुन्हा विचारलेला आढळतो. एका गटात तीस-चाळीस रुग्ण, दुसऱ्यात तितकेच. पाय किती मिनिटे बधिर राहिले हे मोजायला ते पुरतातही. पण शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने रुग्ण हयात आहे का, त्याची मूत्रपिंडे शाबूत आहेत का, याचे उत्तर एवढ्याशा संख्येतून मिळणे शक्य नाही.

‘पॉइज’ या चाचणीचा दाखला येथे देण्याजोगा आहे. हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांची अन्य कुठली शस्त्रक्रिया करताना मेटोप्रोलोल हे हृदयाची गती व रक्तदाब कमी करणारे औषध दिल्यास हृदयाचे रक्षण होईल, असा समज बळावला होता आणि लहान अभ्यासांचा कौलही बराचसा त्याच बाजूचा होता. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत भारतासह अनेक देशांतील 8351 रुग्ण सहभागी झाले. औषध घेतलेल्यांत हृदयविकाराचे झटके खरोखरच कमी झाले. मात्र मृत्यूंचे प्रमाण 2.3 टक्क्यांऐवजी 3.1 टक्के भरले, पक्षाघात दुप्पट झाले आणि रक्तदाब धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंगही वाढले. हजारामागे आठ मृत्यूंचा हा फरक साठ जणांच्या प्रबंधात कोणाला दिसला असता?

अनेक रुग्णालयांनी मिळून एकच मोठी चाचणी करण्याएवढी जुळवाजुळव आपल्याकडे जमणार नाही, हा आक्षेप मला पटत नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत, रुग्णालये ओसंडत असताना, वैद्यकीय संशोधन परिषदेनेच देशातील 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची चाचणी तीन महिन्यांच्या आत पार पाडली आणि त्या उपचाराने ना आजार बळावणे थांबते, ना मृत्यू टळतात, हे दाखवून दिले. (त्यानंतरही कित्येक महिने नातेवाईक प्लाझ्मासाठी वणवण करत राहिले, हा दोष चाचणीचा नव्हे.)

म्हणून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालय यांनी मिळून दरवर्षी भूलशास्त्राचा व अतिदक्षता उपचारांचा एखाददुसरा महत्त्वाचा प्रश्न निवडावा आणि इच्छुक महाविद्यालयांतील निवासी डॉक्टरांनी एकाच आराखड्यानुसार रुग्ण नोंदवावेत. प्रत्येकाला स्वतंत्र प्रबंध हवा असेल, तर त्याच माहितीतील एकेक उपप्रश्न वाटून देता येईल. बहुकेंद्री संशोधनासाठी सामाईक नैतिक परीक्षणाची वाट परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोकळी केलेलीच आहे. अडचण आहे ती मार्गदर्शक प्राध्यापकांची: सामाईक शोधनिबंधात आपले नाव कितवे येणार, ही काळजी पदोन्नतीच्या नियमांमुळे अनेकांना सतावते, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

संमतीचा मुद्दाही यातच येतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दमलेला निवासी डॉक्टर वॉर्डात येतो, चार पानी अर्जातले दोन परिच्छेद भराभर वाचून दाखवतो. खाटेवरच्या आजी ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर’ म्हणत अंगठा उठवतात आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या रुग्णाचा मुलगा सही करतो. अतिदक्षता विभागात रुग्ण बेशुद्ध असल्याने हा भार नातेवाइकांवर पडतो. इतक्या विश्वासाने दिलेली संमती ज्याचे उत्तर बहुतांशी ठाऊक आहे अशा प्रश्नावर खर्च करणे मला अनुचित वाटते.

निदान एक सुधारणा या वर्षीच करता येईल. बहुतेक प्रबंधांतील नोंदी चोवीस तासांवर थांबतात. रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर असतोच. तिसाव्या दिवशी त्यावर फोन करून प्रकृतीची नोंद घेणे विद्यापीठाने प्रत्येक प्रबंधाला बंधनकारक करावे.

आपला,
भूलशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर