गौरी यायच्या आधी

डोंबिवली, १५ जुलै २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. सगळे बरे आहोत. फोनवर तुमचा स्पीकर चालू असतो, ओटीवर कोणी ना कोणी बसलेलं असतं आणि विषय जरा नाजूक झाला की आई "धर, बाबांशी बोल" म्हणून मोकळी होते. म्हणून म्हटलं लिहूनच पाठवावं. बाबा, मोठ्याने वाचू नका. आधी तुम्ही वाचा, मग तिला चष्मा द्या.

काल सकाळी आठला गाडीचं बुकिंग उघडलं. यंदा अधिक मासामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणून १२ तारखेची तिकिटं काढायला मी आणि मनू दोन मोबाईल घेऊन बसलो होतो. दोन मिनिटांत वेटिंग. पण तिची आणि माझी झाली, ह्यांचं बघू. बसने यायचं नाही, हे घरात मागच्या वर्षीच ठरलंय. रेल्वेत निदान दर तासाला उठून डब्यात फेरी मारता येते.

मागच्या वर्षी मनूच्या पायात रक्ताची गुठळी झाली, त्याबद्दल आपण तिघं कधी नीट बोललोच नाही. तेव्हा वेळ नव्हता आणि नंतर बोलायची भीती. पण आई, मला ठाऊक आहे तू मनात काय धरून बसलीयेस. वैनीने सांगितलं मला. "मी तारीख विचारली नसती तर" असं तू तिला म्हणालीस.

तर ऐक. तू ऑगस्टमध्ये फोनवर एवढंच विचारलंस, "पोरीची तारीख कधी आहे गं?" बस्स. गोळ्या घे, असं तू म्हणाली नव्हतीस. हिशोब मी केला. गौरी ३१ ऑगस्टला येणार, मनूची तारीख २९-३० ची. घरात तीन दिवस तिला मागच्या पडवीत बसवायचं, पाणी वरून वाढायचं, आरतीला लांबून हात जोडायचे. सोळा वर्षांची पोर, मुंबईतून वर्षातून एकदा येते. मला ते नको होतं. आणि तुझ्याशी वाद घालायची ताकदही माझ्यात नव्हती. मग मी सोपी वाट काढली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मी डॉक्टरांना विचारलं नाही. आमच्या ऑफिसात निम्म्या बायका लग्न-मुंजीला, सत्यनारायणाला हेच करतात. मीही केलंय दोनदा. दिवसाला तीन, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. खिशात हात घालून पैसे मी दिले, आई. तू नाही.

बरं, नुसत्या गोळ्यांनीच झालं असंही नाही. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ह्या गोळीतला थोडासा भाग अंगात गेल्यावर इस्ट्रोजेनसारखं काम करणाऱ्या संप्रेरकात बदलतो आणि रक्त गोठण्याकडे किंचित झुकतं. बहुतेक मुलींना त्याने काही होत नाही. पण मनूच्या बाबतीत त्यात भर पडली बसची. माणगावच्या अलीकडे आम्ही चार तास जागच्या जागी उभे होतो. घर गाठेपर्यंत सतरा तास. आणि ही पाणी पीत नव्हती, कारण प्यायली तर जायचं कुठे? रस्त्याच्या कडेला पुरुष उतरून उभे राहतात, बाईच्या जातीने काय करायचं? एका बाटलीत तिने माणगाव ते राजापूर काढलं. तिसरी गोष्ट जन्माचीच. कमरेत डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर उजव्या पायाच्या रोहिणीखालून जाते. ती बऱ्याच जणांची थोडी दाबलेली असते, हिची जास्तच. त्याला मे-थर्नर म्हणतात, १९५७ साली दोन डॉक्टरांनी ते नीट मांडलं, त्यांचं नाव. म्हणूनच गुठळी डाव्या पायात. रक्त मंद वाहणं, घट्ट होणं आणि शीर दाबलेली असणं, तिन्ही एका जागी आली. ह्यात तुझ्या एका प्रश्नाचा वाटा किती, ते आता तूच मोज.

आणि उरलेल्या गोळ्या परतीच्या बसमध्ये अडचण नको म्हणून तिने डोंबिवलीला येईपर्यंत घेतल्या. तेही माझ्याच सांगण्यावरून.

बाबा, त्या रविवारची रात्र तुम्हाला आठवत असेलच. ७ सप्टेंबर, खग्रास चंद्रग्रहण. दोन दिवस पोर पाय दुखतो म्हणत होती. आम्ही म्हणालो, फुगड्या घातल्यास ना गौरीपुढे, पोटऱ्या भरून आल्या असतील. मी बाम चोळला. इथल्या एका डॉक्टरांनी दुखण्याची गोळी देऊन पाठवलं. आईने फोनवर तिळाचं तेल सांगितलं, तेही चोळलं. (आता अंगावर काटा येतो. गुठळी असलेला पाय चोळायचा नसतो.) ग्रहण लागायच्या आधी जेवणं उरकली का, हे विचारायला तुम्ही व्हिडिओ कॉल केलात आणि मनू सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली दिसली. तुम्ही म्हणालात, "दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेव बघू." मग, "एकच सुजलाय. रंग बघ. जिना चढताना दम लागतो का गं?" ती म्हणाली, हो आजोबा, कालपासून. तुमचा चेहरा मी त्या चार इंचांच्या पडद्यावर पाहिला. "उद्या नाही. आत्ता."

आणि मागून आईचा आवाज. जिने आम्हाला लहानपणी ग्रहणात खिडकीसुद्धा उघडू दिली नाही, ती म्हणाली, "ग्रहण-बिरहण राहू दे, निघा तुम्ही."

इस्पितळात पहिल्यांदा टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटीमीटर जास्त. मग डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, मग छातीचा सीटी. मांडीपासून वर कमरेपर्यंत गुठळी आणि तिचा एक तुकडा उजव्या फुप्फुसात. रात्री एकला हेपारिन सुरू झालं, गुठळी वाढू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस घरी तेल चोळत बसला असतात तर सांगता येत नव्हतं. मी बाकड्यावर बसले होते, ह्यांनी खिडकीतून दाखवलं, चंद्र परत पांढरा होत होता.

सत्तावीस वर्षं आम्ही तुमची चेष्टा केली, बाबा. १९९८ला तुमची हृदयाची झडप बदलल्यापासून तुमचं ते आयएनआरचं, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचं, वहीतलं पान, निळ्या शाईत तारीख, लाल शाईत आकडा, त्यापुढे गोळी अर्धी की पाऊण. मी तुमच्या शेजारी झोपले की छातीतून येणारी टिकटिक ऐकून म्हणायचे, बाबा घड्याळ गिळून बसलेत. त्या घड्याळाने गुठळी म्हणजे काय ते तुम्हाला शिकवलं होतं. आम्ही दोघं पदवीधर, आम्हाला दिसलं नाही.

मनूला तुमचीच रक्त पातळ ठेवायची गोळी लागली तेव्हा ती रडली होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. "ही म्हाताऱ्यांची गोळी आहे." हल्ली आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्यात, पण तिची एक रक्ततपासणी संशयास्पद होती, ती बारा आठवड्यांनी परत करून बघायची होती. तो आजार असेल तर जुनीच गोळी बरी पडते, म्हणून तोवर हीच. (तपासणी पुढे चांगली आली, पण डॉक्टरांनी सहा महिने हीच चालू ठेवली.) मग तुमचा तो सोमवार सुरू झाला. तुम्ही सकाळच्या एसटीने राजापूरला जाऊन रक्त देणार, ही इथे कॉलेजच्या आधी देणार आणि संध्याकाळी फोनवर आकडे.

"बोल नातू. किती?"
"दोन पॉईंट चार. तुमचे?"
"तीन. माझं घर अडीच ते साडेतीन, तुझं दोन ते तीन. तू माझ्या घरात यायचं नाही आणि मी तुझ्या."

ऑक्टोबरात एकदा तिचा १.६ आला तेव्हा तुम्ही विचारलंत, पालेभाजी किती खाल्लीस? आणि तिने कबूल केलं की आजीने शेवग्याच्या पाल्याची भाजी केली होती, ती तिला चक्क आवडली. तिला पावभाजीपलीकडे भाजी माहीत नव्हती! तुम्ही म्हणालात, सोडू नकोस, पण रोज तेवढीच खा, गोळीला सवय होऊ दे. डॉक्टरांनी छापील कागदावर तेच दिलं होतं, पण तो कागद कुठे गेला देव जाणे. तुमचं वाक्य तिने फ्रिजवर चिकटवलंय.

कलमांचंही मला उशिरा कळलं. आजवर एकदाही बाग कराराने न देणाऱ्या माणसाने सप्टेंबरातच आंब्याची उचल घेतली आणि पैसे दादाच्या खात्यातून, त्याचे म्हणून, आमच्याकडे आले. दादा चांगला आहे, पण खोटं बोलता येत नाही त्याला. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आई, हे तुझ्यासाठी.

तू १० सप्टेंबरला आलीस ती दिवाळीपर्यंत राहिलीस. आपल्या घरचे घट काकूवर सोपवून इथे माझ्या वीतभर देव्हाऱ्यात अखंड दिवा लावलास. नवरात्रातले नऊ दिवस नुसतं वरी आणि शेंगदाणे. अष्टमीच्या रात्री मनूला पाळी आली. गोळीने रक्त पातळ झालेलं, आकडा चारच्या वर गेलेला, आम्हाला सकाळी कळला. तुला आणि तिला रात्री तीनलाच कळलं होतं. मी उठले तर न्हाणीघरात दिवा होता आणि तू मोरीवर बसून चादर धूत होतीस. गार पाण्याने आधी, मग साबण. मनू दारात उभी राहून रडत "आजी, राहू दे, मी धुते" म्हणत होती आणि तू तिला म्हणत होतीस, "तू बस. पाय वर घे. किती वेळा सांगू, पाय खाली सोडून उभं राहायचं नाही."

मग तू तिला मोजे चढवून दिलेस. तो डाव्या पायाचा घट्ट मोजा, जो चढवताना मला घाम फुटायचा, तो तू पावलापासून वर, सुरकुती न पाडता, असा ओढलास जणू लहान बाळाला झबलं घालतेयस. तेवढ्यात देव्हाऱ्यातला दिवा फडफडला. तेल संपत आलं होतं. तू उठलीस, हात पदराला पुसलेस आणि तेलाची बुधली उचलून दिव्यात तेल घातलंस. आंघोळ नाही, काही नाही. वात सारखी केलीस, हात जोडलेस आणि परत मनूच्या उशाशी येऊन बसलीस.

मी स्वयंपाकघरात अंधारात उभी होते. तू मला पाहिलं नाहीस. सकाळी तू त्याबद्दल काही बोलली नाहीस, मीही नाही. लोणच्याच्या बरणीवर आपली सावली पडली तरी ओरडणारी तू. मला आठवतंय, बारावीत असताना मी चुकून देवघराचा उंबरा ओलांडला तर सगळे देव तू पुन्हा घासले होतेस. रागावून नाही सांगत. एवढंच की मी ते पाहिलं, आणि नऊ महिने झाले तरी ते माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

मनूची गोळी मार्चमध्ये बंद झाली. डॉपलर चांगलं आहे. शीर थोडी जाड राहिलीय, संध्याकाळी पाय जड होतो, मोजा अजून वर्षभर तरी. हिमोग्लोबिन ८ वरून ११.५ झालंय. लोकलच्या गर्दीत ती दारात उभी राहायची, आता मैत्रिणी तिला बसायला जागा धरून ठेवतात आणि ही चिडते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिला आता कायमच्या वर्ज्य. तसं डॉक्टरांनी तिच्या फाईलवर लाल पेनने लिहून दिलंय.

आणि तिच्या अंदाजाने यंदाही तारीख गौरीतच आहे.

मी ह्या वेळी तुला न विचारता काही करणार नाही, म्हणून आत्ताच लिहितेय, दोन महिने आधी. आली तर आली. ती मागच्या पडवीत बसणार नाही. काकू काय म्हणतील, वाडीतल्या बायका काय म्हणतील, हे सगळं मला माहितीये, आणि त्यांना उत्तर मी देईन, तुला द्यावं लागणार नाही. तू फक्त त्या रात्री दिव्यापाशी जशी होतीस तशी राहा.

मनूला तेरडा आणायला जायचंय. मागच्या वर्षी पायऱ्या निसरड्या म्हणून तुम्ही तिला सोडलं नव्हतं. पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला गुलाबी मिळतो म्हणते, तिने कोणाच्या तरी फोटोत पाहिलाय. जागा तिला तूच दाखव. ह्यांना नको पाठवूस, हे टाकळा उपटून आणतील.

येताना काय आणू ते फोनवर सांग. बाबा, तुमच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या इथून आणते, तिकडे कधी मिळतात कधी नाही. आणि परवा सोमवारी तुम्ही आकडा सांगायला फोन केला नाहीत. तिचा बंद झाला असला तरी ती साडेसहाला मोबाईल समोर ठेवून बसते.

तुमची,
ताई