देगलूरच्या ओढ्यांतील तांबे

नांदेड

चि. ओंकारास अनेक उत्तम आशीर्वाद.

देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात ओढ्यांतील गाळाचे नमुने घेण्याच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार समाधान वाटले. रसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. तरीही सांगते, तो नमुना कोणत्या खडकावरचा हे ठाऊक नसेल, तर प्रयोगशाळेने दिलेल्या अचूक आकड्यालाही भूरसायनात अर्थ उरत नाही.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. या खडकात मुळातच दहा लाख भागांमागे 100 च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तांबे असते, म्हणून लातूर-परभणीकडच्या गाळात तेवढे आढळले तरी नवल नाही. देगलूरकडे मात्र बेसॉल्टचे आच्छादन संपून खालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडला आहे, आणि त्यात तांबे साधारणपणे 10 ते 20 इतकेच असते. तेथे 100 आले, तर थांबून विचार करावा लागेल. पण खनिज सापडले असे लगेच मानू नकोस. ओढ्याचा उगम बेसॉल्टच्या टेकडीत असेल, तर तिकडची काळी माती वाहत येऊन ग्रॅनाइटवरच्या गाळात मिसळते. शिवाय वरच्या अंगाला फळबागा आहेत का, हेही पाहा. जालन्याकडे मोसंबीच्या खोडांना लावतात त्या बोर्डो पेस्टमध्ये मोरचूद असते, आणि मोरचुदातून मातीत उतरते ते तांबेच. सुपरफॉस्फेटमधून तर थोडे युरेनियमही येते.

ऊर्जेच्या शोधातही हीच सावधगिरी हवी. उनकेश्वरच्या गरम झऱ्यासारख्या पाण्यातील सिलिकावरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो, कारण तापलेले पाणी अधिक सिलिका विरघळवते आणि वेगाने वर येताना त्यातील बरीचशी धरून ठेवते. मात्र बेसॉल्ट झिजतानाही सिलिका सुटते, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या थंड विहिरींतही ती बरीच असू शकते. शिवाय वाटेत थंड भूजल मिसळले, तर अंदाज खाली घसरतो. म्हणून सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण ताडून पाहावे आणि जवळच्या विहिरींचे पाणीही तपासावे. तेल-वायूच्या शोधात मातीतील मिथेनचेही असेच आहे: मिथेन सूक्ष्मजीवही तयार करतात, पण इथेन आणि प्रोपेन ते फारसे तयार करत नाहीत, म्हणून सोबत हे दोन वायू किती, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

नमुन्यात बाहेरचा धातू मिसळू नये म्हणून तो घेताना हातातील अंगठी काढून ठेव आणि जस्ताचा मुलामा दिलेली चाळणी वापरू नकोस. काही ठिकाणी एकाच जागचे दोन नमुने घेऊन वेगवेगळ्या क्रमांकांनी प्रयोगशाळेत पाठव. त्या जोड्यांचे आकडे आले की मला कळव. त्यांत किती फरक पडतो, हे मला तुझ्यासोबत बसून पाहायचे आहे.

तुझी,
आई