म्युनिकला येताना

म्युनिक, ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

व्हिसा हातात आला, तिकिटंही झाली, तेव्हा आता सामानाचं आणि इथल्या घराचं सविस्तर लिहिते. फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि बाबांना कागदावर असलेलं बरं वाटतं.

आई, आधी तुझ्या तुपाचं. साजूक तूप, पेढे, खवा, चक्का यातलं काहीही बॅगेत घालू नकोस. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. डबा घरचा असो की दुकानातला सीलबंद, विमानतळावर तपासणी झाली तर काढून घेतात. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना रोपस्वास्थ्याचा दाखला लागतो. त्यातून सुटका फक्त पाच फळांना आहे: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे कढीपत्ता, सीताफळं, पेरू सगळं तिकडेच राहू दे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि पापड मात्र खुशाल आण. खसखस अजिबात नको. तुमचं विमान दुबईमार्गे आहे आणि तिथे खसखशीवर बंदी आहे. इथे ती कुठल्याही किराणा दुकानात मिळते.

तूप आपण इथेच कढवू. इथल्या पॅकेटच्या दुधावर साय धरत नाही, कारण यंत्रात घालून त्यातले स्निग्धाचे कण बारीक फोडलेले असतात, ते वर येऊन जमत नाहीत. म्हणून सुरुवात लोण्यापासून करायची. 250 ग्रॅमच्या वड्या मिळतात, त्यातली ‘झाउअररामबुटर’ लिहिलेली घ्यायची. ते आंबवलेल्या सायीचं बिनमिठाचं लोणी असतं आणि त्याचं तूप आपल्या घरच्यासारखं खमंग होतं. लोण्यात स्निग्धांश किमान 82 टक्के असतो, त्यामुळे दोन वड्यांचं जवळजवळ 400 ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवलं की आधी पांढरा फेस येतो, मग पाणी उडताना तडतड सुरू होते. ती तडतड ओसरून बारीक बुडबुडे उरले आणि तळाची बेरी बदामी दिसली की लगेच उतरवायचं. ‘लगेच’ म्हणजे पातेलं शेगडीवरून बाजूला काढायचं. इथे नुसतं बटण बंद करून भागत नाही, बेरी करपते.

कारण आपली शेगडी काचेची आहे. काचेखाली तार तापते आणि काच तापलेली राहते. बंद केल्यावरही लाल दिवा पेटलेला असेल तर हात लावायचा नाही. भात तिसऱ्या शिट्टीनंतर मंद ठेवायचा असेल तर आच 9 वरून 2 वर आणून उपयोग नाही, ती उतरायला काही मिनिटं जातात. त्यापेक्षा दुसरी छोटी चकती आधीच मंद चालू करून ठेवायची आणि कुकर तिकडे सरकवायचा. उचलून ठेवायचा बरं का, ओढायचा नाही, काचेवर ओरखडे उठतात. गोल बुडाची कढई इथे चालत नाही, तळ पूर्ण सपाट लागतो. फुलके विस्तवावर टाकता येत नाहीत, तेव्हा तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायचे. नाहीतर सरळ घडीच्या पोळ्या.

कणकेसाठी पिठाच्या पुड्यावरचा आकडा बघायचा. 405 म्हणजे आपला मैदा. आकडा वाढत गेला की पिठात कोंड्याजवळचा भाग जास्त: 550, मग 1050. ‘व्होलकोर्न’ लिहिलेल्या पिठावर आकडा नसतो, ते सगळ्या कोंड्यासकट दळलेलं असतं. त्याच्या नुसत्या पोळ्या कडेला फाटतात, कारण कोंडा जाडा राहतो. ते आणि 550 निम्मं निम्मं मिसळायचं, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त घालायचं आणि गोळा निदान अर्धा तास झाकून ठेवायचा. भारतीय दुकानातला आटा मिळतोच, पण तो लांबून आणावा लागतो.

आता डाळ. बाबा, कुणी तुम्हाला सांगेल की उंचीमुळे इथे डाळ शिजत नाही. ते खरं नाही. म्युनिक समुद्रसपाटीपासून साधारण 520 मीटरवर आहे आणि पुणं 560. पाणी दोन्हीकडे जवळपास सारखंच उकळतं. फरक पाण्याच्या जडपणाचा आहे. इथलं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीतून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. ते डाळीच्या सालीत आणि पेशींच्या भिंतीत जाऊन बसतं, आणि दाणा मऊ पडत नाही. तूरडाळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की काम होतं. हरभरे, राजमा रात्रभर भिजवायचे आणि त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालायचा. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. पिण्यासाठी मात्र हे पाणी फार चांगलं आहे. नळाचंच प्यायचं, उकळायची किंवा गाळायची गरज नाही. किटलीत जमणारा पांढरा थर म्हणजे चुनाच, घाण नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवलं की तो सुटतो. ते पाणी उकळायचं नाही, उकळलं तर वेगळाच क्षार तयार होऊन तळाला घट्ट बसतो.

दही लागतं, फक्त जागा उबदार हवी. फ्रिजच्या कप्प्यातलं ताजं दूध घ्यायचं, 3.5 किंवा 3.8 टक्क्यांचं. उकळून बोट सोसेल इतकं, म्हणजे 45 अंशांच्या आसपास, निवू द्यायचं, लिटरला एक मोठा चमचा विरजण घालायचं आणि भांडं टॉवेलात गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवायचं. ओव्हन चालू करायचा नाही, नुसता आतला दिवा लावायचा. त्या दिव्याची ऊब पुरते. इथल्या ‘मिल्ड’ लिहिलेल्या दह्याचं विरजण गुळमुळीत दही देतं. त्यावर ‘मिल्ड’ नसलेलं साधं दही घेतलं की आपल्यासारखा आंबटपणा येतो. इडलीचं पीठही तिथेच फुगतं. ओट्यावर 20 अंशांत ठेवलं तर एका रात्रीत काही होत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहायला घेतलं ते खिडकीचं. तुम्हाला थंडी वाजेल आणि तुम्ही खिडक्या घट्ट लावून बसाल, ही माझी खरी काळजी. इथली घरं अगदी हवाबंद असतात. दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ, अंघोळ, वाळत घातलेले कपडे, सगळं पाणी आतल्या हवेत साठतं आणि घरातल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे, जाऊन बसतं. तिथे काळी बुरशी धरते. ती छातीला वाईट, बाबांच्या दम्याला तर फारच.

उपाय सोपा आहे, पण आपल्याला उलटा वाटतो. कडाक्याच्या थंडीत दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि पाच मिनिटांनी बंद करायच्या. बाहेर बर्फ पडत असला तरी. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, शून्य अंशांच्या हवेत 5 ग्रॅमही मावत नाही. म्हणून बाहेरची हवा कितीही ओलसर वाटली तरी आत येऊन तापली की ती कोरडीच ठरते. कोकणातल्या पावसाळ्यात खिडकी उघडून घर वाळत नाही, कारण तिथली बाहेरची हवाही गरम आणि वाफेने भरलेली असते. इथे हिवाळ्यात वाळतं. मला तर या देशातली ही सर्वांत शहाणी सवय वाटते.

खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की नुसती वरून कलते. कलती ठेवून तासन्‌तास सोडायची नाही. हवा नीट बदलत नाही, उलट भोवतालची भिंत गार पडते आणि नेमकी तिथेच बुरशी येते. उघडण्याआधी खालच्या हीटरची चकती बंद करायची, नाहीतर गार वारा लागून तो जोरात पेटतो. त्या चकतीवर 1 ते 5 आकडे आहेत. 3 म्हणजे खोली साधारण 20 अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा सुमारे 4 अंशांचा. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त 28 अंशांपर्यंत तापतच राहते. बैठकीच्या खोलीत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवलंय. ते 40 ते 60 मध्ये असलं की ठीक. 60 च्या वर गेलं की खिडकी.

कपडे न्हाणीघरात, दार लावून आणि पंखा चालू ठेवून वाळवायचे. फोडणी घालताना चिमणी चालू आणि स्वयंपाकघराचं दार बंद, कारण बाहेरच्या बोळात धुराची घंटा आहे.

बाबा, औषधं तीन महिन्यांची पूर्ण आणा, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा असू द्या. विमा 30,000 युरोचा आहे, पण आधीपासूनच्या आजारांचं काय ते कलम एकदा वाचून ठेवा. तातडीला 112, आणि रात्री-रविवारी डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर 116117.

डिसेंबरात आठला उजाडतं आणि साडेचारच्या आत मावळतं, म्हणून फिरायला दुपारी जेवणानंतर लगेच निघायचं. रविवारी दुकानं बंद, भाजी शनिवारीच आणायची. रिकाम्या बाटल्या चेपू नका. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्राला तिचा शिक्का वाचता आला तरच पैसे परत मिळतात. हे काम बाबांकडे.

आई, एक कर. तुझ्या पाच लिटरच्या कुकरच्या तळावर पट्टी उभी धरून बघ, मधे फट दिसते का, आणि तळाचा व्यास मोजून कळव. इथली सर्वांत मोठी चकती 21 सेंटिमीटरची आहे. तळ फुगलेला असेल तर तो आणू नकोस, मी इथे सपाट बुडाचा बघून ठेवते. त्याची रिंग मात्र दोन जास्तीच्या आण, ती इथे मिळत नाही.

आजीला शि. सा. न.

तुमची,
लेक