टाक्या उचलल्या, माती कोण तपासणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगलीत आमच्या भागातला एक जुना पेट्रोल पंप नुकताच बंद झाला. क्रेन आली, जमिनीखालच्या टाक्या ट्रेलरवर चढल्या, खड्डा मुरमाने बुजवला. खालून निघालेली काळी माती डंपर भरभरून कुठल्याशा प्लॉटच्या भरावाला गेली. रस्त्याने जाणाऱ्याला वास येत होता, पण पंपाची जागा म्हटल्यावर वास यायचाच, असे म्हणून जो तो पुढे गेला. आता तिथे तळघरासह दुकानांची इमारत होणार असल्याचा फलक लागला आहे. माती तपासायची खरी वेळ म्हणजे खड्डा उघडा असतो ते दोन-चार दिवस, आणि ते निघून गेले. बुजवलेली जागा पुन्हा बोअर मारून तपासणे कितीतरी खर्चाचे, आणि इमारत उभी राहिल्यावर तर विषयच संपतो.

टाकीतून इंधनाची गळती असती तर मालकाला कळली नसती का, असे विचारले जाते. थेंबाथेंबाने होणारी गळती कळत नाही. वीस हजार लिटरच्या आडव्या टाकीत डिपच्या पट्टीवरचा (टाकीत बुडवून इंधनाची पातळी मोजायची पट्टी) एक मिलिमीटर म्हणजे मधल्या उंचीला दहा-बारा लिटर. दिवसाला दोन लिटर झिरपले तर ते पट्टीवर उमटतच नाहीत. उडून जाणारे पेट्रोल, उष्णतेने होणारा फरक यांतच ते जमा होतात. वर्षाला मात्र सातशे तीस लिटर जमिनीत गेलेले असते. नवीन पंपांवर ऑटोमेशन, म्हणजे टाकीतली पातळी आपोआप मोजणारी यंत्रणा, आहे. प्रश्न जुन्या, एकेरी पत्र्याच्या टाक्यांचा आणि त्याहून जास्त पाइपच्या सांध्यांचा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर्षानुवर्षे हे चालले की सांधे हलतात, आणि ओल धरणाऱ्या मातीत पत्रा गंजतो तो वेगळाच.

त्यात आपल्याकडे पूर. पुराचे पाणी जमिनीखालच्या साठ्याचे काय करते, हे हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद ठेवणाऱ्यांना सांगायला नको. २००५ च्या पुराने कितीतरी पेवे कामातून गेली. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. भूजल वर चढले की रिकामी टाकी खालून उचलली जाते, पाइप ताणले जातात. आधीच झिरपलेले इंधन पाण्यावर तरंगते, पाण्याबरोबर वर येते आणि पाणी ओसरताना खालपर्यंतची माती माखून ठेवते. पुढे ते मुरमातून, खडकाच्या भेगांतून उताराकडे सरकते. उतार बहुतेक नदीकडेच.

पेट्रोलमधले बेंझिन कर्करोगकारक आहे. बीएस-६ (वाहन प्रदूषणाचा सध्याचा निकष) पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. उसाच्या जिल्ह्यात हे बोलणे कुणाला रुचणार नाही, पण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल गळले तर मातीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेंझिन जास्त काळ टिकून राहते. इथेनॉलला माझा विरोध नाही. टाक्या आणि पाइप अधिक काळजीने तपासायला हवेत, इतकेच.

तपासणी ठरल्या पद्धतीने व्हावी. नमुने टाकीच्या बुडाखालून, पाइपच्या सांध्यांखालून आणि जिथे गाडीत इंधन भरतात त्या यंत्रांखालून घ्यायचे, लगेच हवाबंद करायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचे. कॅरीबॅगमध्ये माती भरून उन्हातून नेली तर बेंझिन वाटेतच उडते आणि अहवाल स्वच्छ येतो. (असे अहवाल हवे असणारेही असतात.) पाण्यासाठी उताराच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला दोन-तीन निरीक्षण बोअर लागतात.

दूषित माती सापडली तर वरवरची खोदून काढता येते. मुरमात खोल गेलेली वाफ पंपाने ओढून घेता येते; चिकट काळ्या मातीत मात्र हवा फिरत नाही, त्यामुळे तिथे हा उपाय फारसा चालत नाही. काढलेल्या मातीचे ढीग घालून त्यांना हवा, ओलावा आणि नत्र दिले की जिवाणू इंधन खातात, पण त्याला महिने जातात. भरावाला विकणे सगळ्यात सोपे, आणि नेमके तेच चालू आहे. अशा जागेवर तळघर बांधले तर वाफ तिथे साठून आगीचा धोकाही राहतो.

अमेरिकेत १९८४ पासून जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी कायदा आहे आणि तिथे पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. आपल्या टाक्या त्यांच्याहून मजबूत आहेत असे मानायला कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये शाळा, रुग्णालये, वस्ती यांपासून ५० मीटर अंतराचा नियम केला, पण तो नव्या पंपांसाठी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागा सहामाही अहवालात कळवायच्या आहेत, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आहे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यायचा आहे. आपल्या जिल्ह्याच्या अहवालात बंद पडलेले पंप, एसटीची आगारे आणि साखर कारखान्यांचे स्वतःचे डिझेल पंप धरले जाणार का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावे. महापालिकेनेही अशा जागेवर बांधकाम परवाना देण्यापूर्वी मातीचा अहवाल सक्तीचा करावा.

जुन्या पंपाजवळ ज्यांची विहीर किंवा बोअर आहे त्यांना एक सांगणे. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू, जडपणा, क्षार आणि कोलिफॉर्म जिवाणू पाहतात. बेंझिन पाहत नाहीत. ते नाव घेऊन मागावे लागते. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरावी.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली